महाराज उठले की देव बोलतो

"हूंऽऽऽ!"

गाभाऱ्यासमोरची फरशी घुमली आणि तीनशे माणसांनी एकदम हात जोडले. ओट्यावरचे महाराज दोन्ही हात वर करून ताडकन उभे राहिले होते. दाढी थरथरत होती, डोळे मिटलेले होते.

"देव हो म्हणाला! उडवून टाक मुलीच्या लग्नाचा बार!" महाराज गरजले. ज्याने प्रश्न विचारला होता तो पोस्टमन आनंदाने रडायलाच लागला.

मागचा बर्फवाला पुढे सरकला. "देवा, नवं मशीन घेऊ का?"

महाराज शांतपणे आसनावर बसले. सगळ्यांनी श्वास रोखला. खाली खडकावर लाट फुटल्याचा आवाज आला, पण देव गप्प.

"देव नाही म्हणतो. जुनंच ठोकून-ठाकून वापर."

आमचं देऊळ समुद्रात घुसलेल्या खडकावर आहे. देवाला सगळे हुंकारी देव म्हणतात. गोष्ट अशी सांगतात, की फार पूर्वी धुक्यात वाट चुकलेल्या नाविकांना देवाने खडकातून हुंकार देऊन किनाऱ्यावर आणलं. काहींच्या मते नाविक सात होते, काहींच्या मते सत्तर. आमच्या शेजारच्या काकूंच्या गोष्टीत तर त्यांच्याबरोबर एक हत्तीही होता. मात्र पुढे देव रुसला आणि त्याने तोंड मिटलं, यावर सगळ्यांचं एकमत. आजोबा-पणजोबांपासून कुणीही हुंकार ऐकला नव्हता. मग दोन महिन्यांपूर्वी हे महाराज आले, ओट्यावर बैठक मारली, आणि देव बोलायला लागला. नुसता बोलायला नाही, सल्ले द्यायला.

मी शिंपी. देव कुणाच्या मशीनबद्दल काय म्हणतो याच्याशी मला काही घेणं-देणं नव्हतं. पण एका सकाळी माझी आई रांगेत उभी राहिली.

आईला काचबिंदू झाला होता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "आजी, यात गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवायची तर ऑपरेशन याच महिन्यात." तारीखही ठरली होती. आईने देवाला विचारलं, "करू का रे बाबा ऑपरेशन?"

महाराज बसले. देव गप्प. महाराजांनी आईच्या हातात समुद्राच्या पाण्याची बाटली ठेवली. "रोज दोन थेंब डोळ्यांत. सुई-चाकूची गरज नाही."

घरी येऊन आईने डॉक्टरांचं औषध कपाटाच्या मागे टाकलं.

"आई, अहो ते खारट पाणी आहे! डोळ्यांत काय घालताय?" माझी बायको कळवळून म्हणाली.

"आग होते म्हणजे गुण येतोय, सूनबाई."

"मिरची घातली तरी आग होते!"

"देव नाही म्हणाला. तुझं ऐकू की देवाचं?"

माझी बायको नळदुरुस्तीचं काम करते. तिचं उत्तर नेहमी पाना घेऊन असतं. आठ-दहा दिवस आईला समजावून थकल्यावर ती देवळात गेली, निमित्त पाय धुण्याच्या गळक्या नळाचं. पुजारीबुवा बिचारे खूश झाले. महाराज आल्यापासून त्यांच्या वाट्याला फक्त गर्दीच्या चपला सांभाळणं उरलं होतं.

संध्याकाळी ती घरी आली ती गालातल्या गालात हसतच.

"अहो, देवळाच्या फाटकावर पाटी आहे बघा. देव आज साडेनऊ ते साडेअकरा बोलेल, उद्या साधारण पाऊण तास उशिरा, परवा आणखी पाऊण तास."

"चंद्राच्या गतीने चालतो म्हणतात देव."

"चालतोच. धक्क्यावर होडीवाल्यांसाठी भरतीच्या वेळा लिहिलेल्या असतात. त्याच वेळा, मिनिटाचाही फरक नाही. आता मला सांगा, हुंकार आला की महाराज उठतात, की महाराज उठले की हुंकार येतो?"

मी आठवून पाहिलं. "आधी... उठतात बहुतेक."

"बहुतेक नाही, दर वेळी. मी नळाशी बसून एकवीस प्रश्न मोजले." तिने आवाज खाली आणला. "दुपारी महाराज जेवून आडवे झाले. तेव्हा मी आसन उचललं. खाली फरशीला भोक आहे, पुरणयंत्राच्या जाळीएवढं. आणि आसनाच्या खालच्या अंगाला ट्रकच्या ट्यूबचं जाड रबर शिवलंय, गोल. अहो, ते वॉशर आहे!"

"म्हणजे महाराज..."

"बूच! देवाच्या तोंडाला लावलेलं शंभर किलोचं बूच. खाली खडकात पोकळी आहे. भरतीची लाट आत घुसली की हवा वर कोंडते. बूच उठलं की हवा भोकातून घुमत बाहेर. बूच बसलं की ती समुद्राकडच्या फटीतून मुकाट निघून जाते."

"चल, आत्ताच सगळ्यांना सांगू!"

"सांगून कोण ऐकणार? तुमच्या आई ऐकतायत?" ती म्हणाली. "परवा पौर्णिमा. उधाणाची भरती येईल. मला तुमची कात्री द्या."

"माझी कापडाची कात्री? रबर कापायला? धार जाईल!"

"आईंची नजर जातेय, आणि तुम्हाला धारेची पडलीय?"

दिली कात्री. काय करता!

पौर्णिमेला सकाळी ती नळाचं उरलेलं काम संपवायला गेली, आणि महाराज अंघोळीला गेल्यावर तिने रबर काढून पिशवीत टाकलं. अकरा वाजता देऊळ माणसांनी फुललं. समुद्र उसळत होता. महाराज थाटात येऊन बसले, जरा हलले, पुन्हा नीट बसले.

पहिल्याच प्रश्नाला माझी बायको पुढे. तिने खणखणीत आवाजात विचारलं, "देवा, हे महाराज लबाड असतील तर हुंकार दे!"

आई माझ्या शेजारी उभी होती. तिने मला चिमटा काढला. "आवर तिला!"

महाराजांनी तुच्छतेने स्मित केलं आणि आसनावर चांगलं घट्ट वजन टाकलं. लाट आली.

"पुर्रर्र..."

आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. आणि तो कुठून आला, याबद्दलही कुणाच्या मनात शंका राहिली नाही.

पोस्टमन खाली मान घालून बुटांकडे पाहू लागला. महाराजांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी मांडी आवळली. दुसरी लाट आली.

"पुर्र... पीऽऽऽ... पुर्रर्र!"

मागून एक आजीबाई म्हणाल्या, "पोटाला बरं नाही वाटतं महाराजांच्या." झालं! हशा असा फुटला की समुद्राचा आवाज ऐकू येईना. महाराज दोन्ही हातांनी ओटा धरून बसले होते, पण बिनवॉशरचं बूच उधाणापुढे किती टिकणार? तिसऱ्या लाटेला खालून पाण्याची चिळकांडी उडाली, महाराज "अगं आई गं!" करून हातभर उडाले आणि देवाने छप्पर हादरवणारा हुंकार दिला.

आता सगळं उघड झालं, असं मला वाटलं. तोच बर्फवाला किंचाळला, "देव हो म्हणाला! देवाने लबाडाला उडवलं! चमत्कार!" आणि त्याने माझ्या बायकोच्या पायांवर लोटांगण घातलं. "माताजी, नवं मशीन घेऊ का?"

"अहो उठा! मी नळवाली आहे!" ती ओरडली. पण आणखी चारजण आडवे झाले होते. शेवटी ती वैतागून आईकडे वळली. "आई, तुम्ही या. बसा इथे."

"मी? देवाच्या ओट्यावर?"

"बसा म्हणते ना!" तिने आसन बाजूला सारलं, पिशवीतून रबर काढून भोकाभोवती ठेवलं, आईला वर बसवलं आणि खांदे दाबून धरले. लाट फुटली. शांतता. "आता उठा." आई उठली. "हूंऽऽऽ!" "बसा." शांतता. "उठा." "हूंऽऽऽ!"

आई पाच-सहा वेळा उठली-बसली. मग तिने ओल्या पातळाला मागून हात लावून पाहिला, वाकून भोकावर तळवा धरला. वारा हाताला लागला.

"सूनबाई," ती हळू म्हणाली, "मग माझ्या ऑपरेशनला नाही कोण म्हणालं?"

"कुणीच नाही, आई. ते उठले नाहीत, एवढंच."

"म्हणजे माझे डोळे..." आईचा आवाज चढला, "माझे डोळे या मेल्याच्या बुडावर अवलंबून होते?"

महाराज तोवर फाटकापर्यंत पोहोचले होते. तिथे पुजारीबुवांनी त्यांना अडवलं, ओल्या दाढीआडचा चेहरा निरखून पाहिला, आणि त्यांची ट्यूब पेटली. "अरे, तू तर आमची फरशी बसवणारा गवंडी!" महाराजांनी कबूल केलं. फरशी घालताना भोक सापडलं, आणि डोक्यात कल्पना आली. ओटाही त्यानेच बांधला होता.

बुवांनी मग आजोबांकडून ऐकलेलं सांगितलं, जे चमत्काराच्या गडबडीत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. भोकावर पूर्वी दगडी झाकण असे. धुकं पडलं आणि भरती असली, की ते उघडायचे, म्हणजे होड्यांना आवाजाच्या रोखाने किनारा सापडे. दीपगृह झालं आणि झाकण कायमचं बंद राहिलं. देव रुसला नव्हता, त्याचं काम संपलं होतं.

आईचं ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. मधल्या दिवसांत औषध बंद होतं, तेवढ्यात डाव्या डोळ्याच्या कडेची थोडी नजर गेली. ती आता येणार नाही. त्या बाजूने कुणी आलं की ती अजून दचकते. हे सांगताना मला हसू येत नाही.

म्हणून हात जोडून एवढंच सांगतो. देवाला खुशाल नमस्कार करा. पण कुणी तुमच्या आजाराचं उत्तर देवाकडून आणून देत असेल, तर त्याला आधी उठवा, आणि तो कशावर बसलाय ते बघा.