पाच मिनिटं कूलर बंद

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे, असं मी आपणहून म्हणत नाही. आमच्या घरात म्हणतात. मला दोन बटणं आहेत. एक मूळचं आणि एक, आवाजाचं, टूथपेस्टच्या टोपणाचं. टोपणाचं बटण जास्त चांगलं फिरतं, पण हे मूळच्या बटणासमोर बोलायचं नसतं. आज मी तुम्हाला माझी हकीकत सांगतो आहे. ती सांगायला मी शिल्लक राहीन, याची गेल्या मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मला मुळीच खात्री नव्हती.

माझे मालक रामाजी. उत्तर नागपुरातल्या एका अरुंद गल्लीत आमचं घर आहे. रामाजी हिंगण्याच्या एका कारखान्यात प्रेसवर होते. ही प्रेस वर्तमानपत्राची नव्हे. ही पत्र्यावर धाडकन पडते आणि पत्र्याचं झाकण करून सोडते. दिवसभर धाड, धाड, धाड. तिथे कोणी कोणाशी बोलत नसे, कारण बोलून उपयोग नव्हता. समोरच्याच्या तोंडाकडे पाहून काय ते समजून घ्यायचं. नोकरी पक्की झाली त्या आठवड्यात रामाजींनी मला सदर बाजारातल्या दुकानातून सायकलच्या दांडीवर बसवून घरी आणलं. लग्न त्यानंतर झालं. सुभद्राबाई घरात आल्या तेव्हा मी आधीच कपाटावर होतो, आणि हे त्या मला अजून विसरू देत नाहीत.

रेडिओ म्हटला की तुम्हाला गाणी आठवतील. रामाजींना गाणं लागलं की राग येई. "पुरे कर बाप्पा गाणं, नाव सांग!" असं ते माझ्या तोंडावर म्हणत.

त्याचं असं आहे. मिडियम वेव्हच्या लहरी दिवसा आळशी असतात. त्या आपल्याच मुलुखात फिरतात. सूर्य मावळला की त्यांना पाय फुटतात, आणि समुद्रापलीकडची केंद्रं एकमेकांना ढकलत माझ्या जाळीपर्यंत येतात. त्यातलं कोणतं केंद्र कुठलं, हे ओळखायचं. रामाजींचा छंद तो एवढाच. ऐकायला सोपा वाटतो. पण केंद्र आपलं नाव तासाच्या ठोक्याला सांगतं आणि नेमकं तेव्हाच बुडतं. कोळंबीच्या शेतीवरचं भाषण अर्धा तास स्वच्छ येतं. नावाची वेळ झाली की खरखर!

या छंदात एक कडक नियम आहे. नाव स्वतःच्या कानांनी ऐकलं, तरच केंद्र ओळखलं म्हणायचं. भाषेवरून, वाजंत्रीवरून अंदाज चालत नाही. नाव नाही ऐकलं, तर 'अनोळखी' म्हणायचं आणि गुमान जेवायला बसायचं.

रामाजी ऐकत आणि त्या केंद्राला पत्र टाकत. मग कधीतरी तिकडून पोच म्हणून रंगीत कार्ड येई. कार्डांवर देवळं, नारळाची झाडं, एकदा तर नुसता उंट. समोरची सगळी भिंत त्या कार्डांनी भरली. पाहुणे येत, भिंत पाहत, मग माझ्याकडे पाहत. मी उगाच जरा गरम होत असे. सुभद्राबाई म्हणत, "बरं झालं झाकली. ओल आली होती त्या भिंतीले."

पण मित्रांनो, चांगले दिवस सांगून येतात आणि न सांगता जातात. रामाजी निवृत्त झाले आणि काही वर्षांनी माझ्याबद्दल तक्रार सुरू झाली.

"आवाज येते," ते म्हणत, "शब्द येत नाही."

आधी त्यांनी सूर्याला दोष दिला. सूर्यावर डाग पडले की लहरी बिघडतात, हे खरंच आहे. मग दोष गल्लीतल्या नव्या दिव्यांवर गेला. ते दिवे माझ्या कानात गुणगुणतात, हेही खरं आहे. मग मोबाइलचे चार्जर, मग शेजारच्या जितेंद्रचा कूलर. सगळं खरं होतं, म्हणून तर खोटं सापडत नव्हतं. शेवटी सूर्य, दिवे आणि जितेंद्र या तिघांवर इलाज चालेना, तेव्हा मीच हाताशी होतो.

मला पिशवीत घालून इतवारीत नेण्यात आलं. तिथे गोविंदा नावाचा मिस्त्री भांड्यांच्या दुकानांमागच्या बोळात बसतो. त्याने माझे स्क्रू काढले. मी उघडा पडलो, आणि माझ्या शेजारी, मित्रांनो, एका रेडिओचा नुसता सांगाडा पडला होता. त्याच्या आतलं सगळं दुसऱ्या कोणाच्या तरी पोटात गेलं होतं. गोविंदाने मला वाजवून पाहिलं, पुसलं आणि मान हलवली.

"काका, याले काहीच नाही झालं. ऐका, कसा बोलून राहिला."

रामाजींनी कान लावला. "हेच तं. पुटपुटते."

"मंग असं करा, ठेवून जा. पार्ट कामी येतीन माह्या."

रामाजींनी त्या वेळी मला परत आणलं. पण गोविंदाची नजर माझ्या आतल्या, लहरी पकडणाऱ्या तांब्याच्या तारेच्या कांडीवर होती, आणि तशी नजर माणूस विसरत असेल, रेडिओ विसरत नाही.

खरी गोष्ट मला माहीत होती. मी अगदी पूर्वीसारखा बोलत होतो. आवाजाचं बटण मात्र दर महिन्याला थोडं पुढे जात होतं. मी जगातल्या कितीतरी भाषा बोलतो, मित्रांनो, पण माझं स्वतःचं एक वाक्य मला बोलता येत नाही. आणि ज्यांना बोलता येत होतं, त्यांच्याकडे आपापलं कारण तयार होतं. शेजारी म्हणत, रामाजी रिटायर झाल्यापासून भाव खाऊन राहिले, हाक मारली तरी पाहत नाहीत. मुलगी दामिनी म्हणे, बाबांचं लक्ष नसतं. सुभद्राबाईंना तर कारण शोधावंच लागलं नाही. त्यांचं लग्न झालेलं होतं. नवरा बायकोचं ऐकत नाही, यात त्यांना नवीन काही दिसलं नाही. त्या दिवसातून दोनदा भांडत आणि कामाला लागत.

मग मे महिन्यात मोबाइलवर बातमी आली. रामाजींचा असाच कान लावून बसणाऱ्या लोकांचा एक ग्रुप आहे. पूर्वेच्या समुद्रातल्या एका बेटावरचं एक छोटं केंद्र कायमचं बंद होणार होतं. त्या केंद्राच्या मागे रामाजी तरुणपणापासून होते. त्याचं बासरीचं संगीत कितीदा आलं असेल. नाव एकदाही आलं नव्हतं. भिंतीवर मधोमध एका कार्डाची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती. शेवटचं प्रसारण त्याच संध्याकाळी आपल्या सातला संपणार होतं, आणि संपण्याआधी निवेदिका केंद्राचं नाव सांगणार होती.

रामाजींनी माझ्यात नवे सेल घातले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आज नाव दे. नाही दिलं, तं उद्या इतवारी."

मला तो सांगाडा आठवला.

सूर्य मावळत आला तसं मला अंगणात स्टुलावर मांडलं गेलं. बासरी आली! अगदी बारीक, पण आली. तिच्यावर मात्र गल्लीतले सगळे कूलर घोंगावत होते. रामाजी उठले आणि जितेंद्रच्या दारात गेले. तो नुकताच हिंगण्याहून शिफ्ट करून मोटारसायकलवर भाजून आला होता.

"जितू, पाच मिनिटं कूलर बंद कर गा."

"काका, मे महिना हाय! नागपुरात राहून राहिलो आपण, महाबळेश्वरात नाही!"

"काय?"

"म्हटलं, जीव जाईन!"

"पाच मिनिटात नाही जात कोणाचा. ते केंद्र मात्र जाऊन राहिलं. पुन्हा नाही येत ते."

जितेंद्र काहीतरी पुटपुटला. तेवढ्यात सुभद्राबाई मागून आल्या. त्या माझ्या बाजूने कधीच नव्हत्या. पण नवऱ्याला दारात उभं करून कोणी नाही म्हणावं, हेही त्यांना चालत नव्हतं.

"काहून रे जित्या, तुह्या पोरीच्या बारशाले कोणाच्या घरून लाइट ओढली होती? बंद कर तो कूलर. अन् समोरच्यायले बी सांग."

एकेक कूलर बंद झाला. घामाने निथळत माणसं बाहेर आली आणि आमच्या अंगणाभोवती उभी राहिली. पोरांना दटावलं गेलं. फ्रिज बंद, दिवे बंद. सात वाजायला आले. तरी एक गुणगुण राहिलीच! रामाजी गल्लीकडे वळले.

"कोणाचं चालू हाय? सांगा नं! कोणाचं?"

लोक धावले, घराघरात शिरले, बटणं तपासली. गुणगुण तशीच. शेवटी दामिनी आमच्याच स्वयंपाकघरातून डास मारायची रॅकेट हातात घेऊन आली. ती चार्जिंगला लावली होती. कोणी लावली, हे कोणी विचारलं नाही. सुभद्राबाई आकाशाकडे पाहत होत्या.

रॅकेट निघाली आणि मित्रांनो, अशी शांतता त्या गल्लीने कधी ऐकली नसेल. दामिनीने मोबाइल काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. माझं आवाजाचं बटण शेवटापर्यंत फिरलेलं होतं. बासरी वर आली. थोडी बुडाली, पुन्हा वर आली. माझ्या कांडीतल्या तारेचा कण न् कण ताणला होता. बुडू नको, मी त्या लहरीला म्हणत होतो, आता बुडू नको. एक घंटा वाजली.

आणि निवेदिकेने नाव सांगितलं.

पातळ, मऊ आवाज होता तिचा. पण एकेक अक्षर सुटं, धुतल्या तांदळासारखं. मी आयुष्यात इतकं स्वच्छ कधी बोललो नव्हतो. जितेंद्रने ऐकलं. दामिनीने ऐकलं. जितेंद्रच्या पोरीने तर आईच्या कडेवरून ते नाव पुन्हा म्हणून दाखवलं आणि तिच्या आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. सगळ्या गल्लीने वळून रामाजींकडे पाहिलं.

रामाजी माझ्यावर वाकले होते. त्यांनी एक हात वर धरला होता, कोणी बोलू नका म्हणून. डोळे मिटले होते.

"सांग," ते हळूच म्हणत होते. "सांग ना बाई, सांग आता."

ती सांगून गेली होती.

पुन्हा बासरी वाजली, आणि मग ते बेट गेलं. मागे नुसती वाफेसारखी सळसळ राहिली. रामाजींचा हात मात्र वरच होता. कोणी हललं नाही. घाम टपटपत होता, तरी कोणी हललं नाही.

"गेलं," ते शेवटी म्हणाले. "नावाच्या वेळीच बुडालं. हा रेडिओ आता..."

"काका, तिनं तं सांगतलं ना..." जितेंद्र बोलून गेला आणि सुभद्राबाईंनी त्याच्यासमोर आडवा हात धरला.

रामाजींनी तो हात पाहिला. मग त्यांनी एकेकाचं तोंड पाहिलं. मी तुम्हाला सांगितलंच आहे, त्यांचं अर्धं आयुष्य तोंडं वाचण्यात गेलं होतं.

"तुले आलं, जितू?"

जितेंद्र चपलेकडे पाहू लागला.

"सगळ्यायले आलं?"

रामाजी माझ्याकडे वळले. मग टूथपेस्टचं टोपण त्यांनी हलकेच मागे फिरवलं.

"कोणी मले नाव सांगाचं नाही," ते म्हणाले. "नियम हाय. जितू, कूलर लाव गा. पोरगी घामानं भिजली तुही."

त्यांनी ग्रुपवर 'अनोळखी' एवढंच टाकलं. मला इतवारीला नेलं नाही. मला कपाटावर ठेवून वर टॉवेल टाकला. मी सुटलो होतो, पण मित्रांनो, टॉवेलखाली मला काही फार बरं वाटलं नाही. रामाजी रोज संध्याकाळी भिंतीवरच्या त्या मोकळ्या जागेसमोर बसत आणि मला लावत नसत. गल्लीने मात्र शब्द पाळला. ते नाव सगळ्यांना माहीत होतं आणि एकाही तोंडातून निघालं नाही. ती लहान पोर कधी म्हणू लागलीच, तर तिला बिस्किट देण्यात येई. तिच्या हे लवकरच लक्षात आलं.

शेवटी दामिनीने बापाला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. जायला ते तयार नव्हते. "एवढं काही नाही," असं ते शेवटपर्यंत म्हणत होते, आणि डॉक्टर काय विचारतात हे त्यांना कळत नव्हतं. कानामागे बसवायचं बोटाच्या पेराएवढं यंत्र आलं. माझ्यासारखंच, सेलवर चालणारं. धाकटा भाऊ म्हणा.

ते यंत्र लावून रामाजी अंगणात बसले आणि दामिनीने त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग लावलं. बासरी. घंटा. निवेदिका.

रामाजींनी नाव ऐकलं. स्वतःच्या कानांनी. त्यांचे ओठ तसे हलले. दामिनी मोबाइल बंद करायला गेली, पण त्यांनी हात वर धरला. रेकॉर्डिंग पुढे चालू राहिलं. 'सांग ना बाई,' असं म्हणणारा स्वतःचा आवाज त्यांनी ऐकला. मग शांतता. आणि त्या शांततेत, मोबाइलच्या अगदी जवळ, कोणीतरी कुजबुजलं होतं. आवाज सुभद्राबाईंचा होता.

'दामिनी, म्हणजे माह्यं बी ह्यायले ऐकूच येत नव्हतं का वं? अन् मी समजली, ऐकाचंच नसते. किती भांडली मी.'

रामाजींनी रेकॉर्डिंग मागे नेलं. नावापर्यंत नाही. तेवढ्याच वाक्यापर्यंत. दोनदा ऐकलं. मग आत हाक मारली.

"सुभद्रा, इकडे ये. बस. बोल."

"काय बोलू?"

"काही बी. इतक्या वर्षाचं राहिलं ना."

सुभद्राबाई दारात उभ्या राहिल्या. पदराने त्यांनी तोंड पुसलं, आणि पुसताना जरा जास्त वेळ लावला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "गॅस बंद करून येते. हे लवकर नाही संपणार."

ते खरोखरच लवकर संपलं नाही. दुसऱ्या दिवशी टॉवेल निघाला आणि रामाजींनी यंत्र लावून मला सुरू केलं. ते दचकून मागे सरले. "बाप्पा! किती खरखर वाढली याची!"

माझा जीव पुन्हा इतवारीत जाऊन आला. पण सुभद्राबाई आतून म्हणाल्या, "वाढली नाही. आधीपासून तेवढीच हाय. माही बी."

तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जुनी वस्तू पुटपुटते असं वाटलं, तर तिचे स्क्रू काढण्याआधी आपले कान तपासून या. आणि घरातलं कोणी तुमचं ऐकत नसेल, तर भांडण्याआधी एकदा जवळ जा, तोंडासमोर उभे राहा आणि सावकाश बोलून पाहा. तरीही ऐकलं नाही, तर मग खुशाल भांडा.

त्या बेटाचं नाव मी तुम्हाला सांगितलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. नियम आहे. भिंतीवरची ती जागा अजून मोकळीच आहे. बंद झालेलं केंद्र कार्ड कुठून पाठवणार? सुभद्राबाई म्हणतात, तिथे आता ओल दिसते. रामाजी म्हणतात, दिसू दे. आणि ते हे लगेच म्हणतात, पहिल्याच वेळी.