दुआचा अंगठा

"चल, अंगठा लाव लवकर. भट्टी तापली," मेहरबी म्हणाली. पण दुआ नाजिशच्या मांडीवरून हलली नाही.

मालेगावात ईदेआधी बायका घरचा मैदा, तूप, साखर घेऊन निजामुद्दीनच्या बेकरीत येतात आणि समोर बसून बिस्किटं भाजून नेतात. ट्रेंची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणी काट्याने रेघा ओढतं, कुणी चारोळी खोचतं. मेहरबीच्या बिस्किटांवर दुआचा अंगठा. दुआ तिच्या दिराची, वसीमची मुलगी. आई गेली तेव्हा पोर अंगावर पीत होती. मेहरबीला स्वतःचं मूल नव्हतं, तिनेच तिला वाढवलं; दुआ तिला बडी अम्मी म्हणते. यंदा वसीमने दुसरा निकाह केला आणि शाळेत इंग्रजी शिकवणारी नाजिश घरात आली.

"जहाजावरचे लोक कितीक महिने पाण्यावरच राहत," नाजिश दुआला सांगत होती. "रोटी खराब होऊ नये म्हणून ते दोनदा भाजलेली नेत. लॅटिन भाषेत बिस म्हंजे दोनदा, कॉक्टस म्हंजे शिजवलेलं. त्याचंच पुढं बिस्किट झालं."

दुआ डोळे विस्फारून ऐकत होती. मेहरबी ट्रेवर बिस्किटं मांडता मांडता दोघींकडे बघत होती. तापात उशाशी जागायचं आपण, केसांतला गुंता काढायचा आपण, आणि कालची आलेली ही बाई एका बिस्किटाच्या गोष्टीवर पोरगी पळवते.

"आमी एकदाच भाजतो. तरी लोक मागून खातात," ती ठसक्यात म्हणाली आणि रागारागाने प्रत्येक बिस्किटावर स्वतःचाच अंगठा दाबत सुटली.

ट्रे बाहेर आला. "कोनाचा हाय हा?" निजामुद्दीनने विचारलं.

दुआने वाकून पाहिलं. "आमचा नाही, चाचा. आमचा अंगठा लहान असते."

"माझा हाय," मेहरबी हळूच म्हणाली.

दोघी जावांना रोजा होता, त्यामुळे चव दुआनेच घ्यायची. दरवर्षी ती अर्धं बिस्किट खाते आणि उरलेलं बडी अम्मीच्या इफ्तारसाठी तिच्या ओढणीला बांधते. आजही तिने अर्धं खाल्लं. मेहरबीने सवयीने ओढणीचं टोक पुढे केलं.

दुआ नाजिशकडे वळली. "अम्मी, हे तुले. रोजा सुटल्यावर खाजो."

नुसता अम्मी हा शब्द दुआच्या तोंडून मेहरबी पहिल्यांदाच ऐकत होती.

नाजिश ओशाळली. "बडी अम्मीले दे, बेटा."

"राहू दे," मेहरबी म्हणाली. "तुलेच देलं तिनं."

ओढणीचं रिकामं टोक तिने कमरेला खोचलं आणि गरम बिस्किटं एकेक करून डब्यात भरू लागली.