ठमाबायच्या तळ्याचं पाणी

"अगो, पर तिच्याच तळ्याचं पाणी का म्हनून?" भाताच्या राबावर जाळायला सुका पातेरा पसरता पसरता ठमाबाय माझ्याच अंगावर खेकसली.

आता माझा काय दोष? मी शेजारीण, बघितलं ते सांगितलं. म्हसळ्याच्या ब्लॉक हापिसानं शाळेला थोडं अनुदान दिलं, गावाला विज्ञान दाखवा म्हणून. दिनानाथ मास्तरानं त्यातून दुर्बीण आणली, बारीक किडे मोठे करून दाखवणारी. रंगूचं तळं शाळेला लागून, म्हणून त्यातलं पाणी काचेवर घेतलं. झालं! अख्खा गाव एक डोळा मिटून बघतोय नि रंगू पदर खोचून मधोमध उभी.

ठमाबायचा जळफळाट झाला. व्हायचाच. गावातल्या प्रत्येक नवरीच्या हळदीचं पाणी हिच्या सासऱ्याच्या तळ्यातलं. जांभ्याच्या पायऱ्या गावात दुसऱ्या कुठल्या तळ्याला होत्या? रंगूकडं तर फळीवरनं दोरीनं कळशी सोडायची.

"तिच्यात दोन किडे निघाले तर येवढा नाच? माझ्यात ढीगभर निघतील!" म्हणत तिनं शेवटल्या पायरीखालचं पाणी तांब्यात भरलं नि तडक शाळा गाठली.

मास्तरानं डोळा लावला. "ठमाबाई, तुमच्यात खूपच आहेत."

हिनं रंगूकडं बघून नाक उडवलं.

"पण हे नारूचे किडे. नारूवाला पायरीवर पाय बुडवतो, तिथनं ते पाण्यात जातात नि पाण्यातनं आपल्या पोटात."

ठमाबायचं तोंड उतरलं. तिचा धनी भागोजी शिमग्यापासून पायातनं दोऱ्यागत निघणाऱ्या नारूनं लंगडत होता.

पुढं धर्माच्या पोरीची हळद आली. वाजंत्री ठमाबायच्या दारावरनं गेली, थांबली न्हाय. कळशा भरल्या रंगूच्या तळ्यावर. ही दारात उभी राहून बघत राहिली.

सकाळी पहारीचा आवाज आला. बघते तर ठमाबाय पायऱ्या उखडतेय!

"बापाच्या हातच्या हाईत त्या!" भागोजी बांधावरनं बोंबलत होता.

"मग बापाला बोलवा, रंगूची वाजंत्री ऐकायला!"

मास्तर पाया पडला असता तरी कुणी पायरी हलवली नसती. हिनं मत्सरापायी सगळ्या काढल्या, काठावर कुंपण घातलं, फळी टाकली. तीही रंगूच्या फळीपेक्षा हातभर लांब.

आषाढात तळं भरलं. ठमाबाय भिजत शाळेत आली नि तिनं तांब्या मास्तराच्या टेबलावर आदळला.

"लावा दुर्बीण. आधी रंगूचं बघा, मग माझं. आता तिच्यापेक्षा एक जरी जास्त निघाला ना मास्तर, तर तळंच बुजवीन!"