ताटातले हात

फलेसबाईंनी शिकवून तयार केलेले सहा जण एकेक करत परदेशी गेले. झोंबा शहरातल्या त्यांच्या कॉलेजात आता त्यांची एकच विद्यार्थिनी, वेझी, उरली होती. आहार-पाहणीचा फॉर्म भरण्याचा सराव म्हणून आज ती बाईंनाच प्रश्न विचारत होती.

"काल संध्याकाळी काय जेवलात?"

"मक्याच्या पिठाची घट्ट न्सिमा आणि सुकी मासळी."

"ताटात किती हात होते? म्हणजे, एकाच ताटातून किती जण जेवलात?"

"एक."

वेझी हसली. "बाई, माझी परीक्षा घेताय ना?"

"कसली परीक्षा? माझाच हात होता. दुसरा कुणाचा असणार?"

"पण फॉर्ममध्ये एकाची चौकटच नाही. दोनपासून सुरू होतं."

बाईंनी कागद ओढून घेतला. वीस वर्षांपूर्वी तो त्यांनीच बनवला होता. तेव्हा त्यांच्या घरी एका ताटाभोवती नऊ जण बसत.

"जाऊ दे बाई, एकट्यानं कोण जेवतं? दोनवर खूण करते," वेझी म्हणाली.

बाईंना पहिल्या पाहणीतली एक म्हातारी आठवली. तीही खाली बघत 'एक' म्हणाली होती. आजीबाई मोजायला चुकल्या, असं समजून बाईंनी हसतच दोनवर खूण केली होती.