दुनळीचा उजवा घोडा

सुनेनं लेकीला डाव्या कडेवर सरकवलं आणि सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात सापडलेला कागद काचेच्या टेबलावर ठेवला.

"हे अक्षर ओळखता, काका?"

बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यानं कानस बाजूला ठेवली, कपाळावरचा चष्मा खाली ओढला. 'उजवा घोडा. पिना दोन. मोठी स्प्रिंग.'

"घोडा म्हणजे हा बघा." भिंतीवरच्या एका बंदुकीचा, चाप ओढला की खटकन आपटणारा वाकडा तुकडा त्यानं बोटानं दाखवला.

"मला शिकायचं नाहीये. माझे सासरे तीन आठवडे दुपारचे पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडतात. ते इथंच येतात ना?"

"येतात की. दोन नळ्यांची ती दुनळी त्यांच्या आजोबांची. तिचे भाग आता कुठले मिळायला! दुसरीचा घोडा हिला बसत नाही, डावा उजवीकडं चालत नाही. म्हातारीला परक्याची कवळी बसवायची म्हणजे..."

ती हसली नाही. सासूबाईंना जाऊन वर्ष व्हायचं होतं. सासरे अर्ध्या जेवणावरून उठायचे, हाक मारली तर दचकायचे. वीस वर्षं भिंतीवर मुकी टांगलेली बंदूक त्यांना आत्ताच कशी आठवली? ती हल्ली त्यांच्या झोपेच्या गोळ्या मोजत होती. न्हाणीघरात पाण्याचा आवाज थांबला, तर काहीतरी निमित्त काढून दार वाजवत होती.

"भाग मिळत नाहीत म्हणून सांगा त्यांना," ती म्हणाली. "तुमच्या पोटावर पाय येतोय, कळतं मला. पण त्यांचं मन थाऱ्यावर नाही."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

"इथं आलात हे मिस्टरांना ठाऊक आहे?"

"नाही. आधीच नोकरी गेलीये त्याची, त्यात हा घोर कशाला?"

"नका सांगू." म्हाताऱ्यानं दुकानाचं दार लोटून घेतलं. मग खणातून एक डबी काढून दोन पिना काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या. एक गंजलेली, दुसरी लखलखीत. नवी किंचित आखूड होती, तांदळाच्या कणीएवढी.

"घोडा पिनेवर आपटतो, पण ही नवी काडतुसापर्यंत पोचतच नाही. घोडा पडेल, खट् वाजेल. पुढं काही नाही."

तिचा श्वास सुटला. "त्यांच्या लक्षात नाही येणार?"

"त्यांनीच करून घेतली तशी."

लेकीनं तिचे केस ओढले, तरी तिचं लक्ष गेलं नाही.

"मग दुरुस्त तरी कशाला करायची? होती तशीच मोडकी राहू द्यायची."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, मोडकी दिसली तर तो दुसरीकडं नेऊन खरोखर नीट करून आणेल. धड दिसली की निर्धास्त राहील."

"तो कोण?"

म्हाताऱ्यानं पिना डबीत टाकल्या आणि झाकण नको इतकं घट्ट दाबलं.

"ते मला नका विचारू, ताई."

घरात पुरुष दोनच होते.

ती परतली तेव्हा नवरा जमिनीवर फायली पसरून बसला होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. एकेका फाइलीवर तो चिठ्ठी चिकटवत होता, कडा अंगठ्यानं दाबत होता. पंधरा दिवस त्याचं हेच चाललं होतं. आता कुठं त्याचं संसारात लक्ष लागलंय, असं तिनं परवाच आईला फोनवर कौतुकानं सांगितलं होतं.

"बाबांची बंदूक झाली का गं?" त्यानं मान वर न करता विचारलं. "काही बोलले का तुझ्याकडं?"

स्वयंपाकघराच्या दारात सासरे पाण्याचा पेला घेऊन उभे होते. पेला ओठांपाशीच थांबला. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनीही पाहिलं, आणि नजर हटवली नाही.

"होत आली म्हणे," ती म्हणाली. "अगदी नव्यासारखी."

"बरं झालं." नवऱ्यानं एक फाइल तिच्यापुढं सरकवली. "हे बघ, विम्याचं यात. बँकेचं लाल फाइलीत. हिच्या लसींचं कार्ड निळीत. नीट बघून ठेव, तुला सगळं सापडायला हवं."

तिनं लेकीला त्याच्या मांडीवर ठेवलं, निळी फाइल उचलली आणि त्याला खेटून बसली. चिठ्ठीचा डिंक अजून ओला होता. एका कोपऱ्यातून धरून तिनं ती अलगद सोलून काढली.

"मला नाही सापडायचं काही," ती म्हणाली. "दर वेळी तूच काढून द्यायचंस."