नवरा-बायकोची वायर

मेहुणीचा फोन आला तेव्हा काका शिडीवर होते. तोंडात दोन स्क्रू, एका हातात भिंतीवर बसवायचा सीसीटीव्ही कॅमेरा, दुसऱ्यात पेचकस, आणि फोन खांद्याने कानाशी दाबलेला.

"भावजी, अक्का गेली."

तोंडात स्क्रू असल्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही. ते दोन्ही स्क्रू त्यांनी आधी पिळून घट्ट केले, कॅमेरा हलवून पाहिला, आणि मग खाली उतरले. असं का केलं, ते त्यांना पुढेही सांगता आलं नाही. काकूंना तीन दिवसांचा ताप होता. शुक्रवारी घरी सोडतो असं डॉक्टर म्हणाले होते.

हे झालं ते एका पाळणाघरात. काकूंबरोबर सुरू केलेलं ते काम अर्धवट राहिलं. तीन आठवड्यांनी काका परत आले आणि एकट्याने ते पुरं करून गेले. वायरी एकट्याने जोडण्याची ती त्यांची पहिलीच वेळ होती.

त्याआधी एकवीस वर्षं काकू बरोबर असायच्या. काका शिडी उचलायचे, काकू पिशवी. बाजारातला वायरींचा दुकानदार दर वेळी तेच ऐकवायचा, "काय काका, बायकोच्या परवानगीशिवाय स्क्रूसुद्धा पिळत नाही वाटतं?" काकू म्हणायच्या, "मी सोडलं तर हे शिडीवरून पडतील." दुकानदार हसायचा, काकाही हसायचे. खरी गोष्ट निराळी होती आणि ती दोघांनाच ठाऊक होती. काकांना रंग धड कळत नसत. निळा कळे. हिरवा, तपकिरी आणि नारिंगी हे तिन्ही त्यांना एकाच मळकट रंगाचे दिसत. रंगीत वायरींवर पोट असलेल्या माणसाने हे चारचौघांत सांगायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं.

कॅमेऱ्यांसाठी ते कॉम्प्युटरच्या नेटवर्कची केबल वापरायचे. तिच्या पोटात आठ बारीक वायरी असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. प्रत्येक जोडीत एक रंगीत वायर आणि एक पांढरी, त्या पांढरीवर त्याच रंगाची पट्टी. दोघी एकमेकींना पीळ घालून असतात. काकू तो सगळा पीळ सोडवायच्या, आठही वायरी बोटाने सरळ करून फणीच्या दातांसारख्या ओळीत लावायच्या आणि मग रंग बघून जोड्या जुळवायच्या. रंगांची नावं त्या मोठ्याने घेत नसत, कुणी ऐकलं तर नवऱ्याचं बिंग फुटायचं. त्यांनी जोड्यांना नाती लावली होती. निळे मामा-भाचा, नारिंगी भाऊ-बहीण, तपकिरी सासू-सून आणि हिरवे नवरा-बायको. जोडी काकांच्या हातात ठेवून त्या म्हणायच्या,

"अहो, नवरा-बायको मागच्या दाराला द्या. सासू-सून झोपायच्या खोलीत."

"सासू-सून एका खोलीत नांदतील का?"

"वायरी आहेत, नांदतील."

ऐकणाऱ्याला वाटे, नवरा-बायकोची थट्टा चाललीय.

पाळणाघराचं काम पुरं होऊन आठ दिवस झाले असतील, तोच तिथल्या ताईंचा फोन आला. पाळणाघर त्यांचंच. "काका, लगेच या. झोपायच्या खोलीच्या चित्रात कुणीतरी बाई फिरतेय."

"कोण बाई?"

"खोलीत कुणीच नाही, म्हणून तर फोन केला ना!"

काका पोचले तर दारातच मावशी उभ्या. मुलांचं खाणंपिणं, धुणंपुसणं सगळं त्याच बघायच्या. "मी त्या खोलीत एकटी जाणार नाही, आधीच सांगते," त्या म्हणाल्या. "अर्धी पारदर्शक आहे मेली. पाळण्यांवरून चालत जाते."

ताईंच्या खोलीत कॅमेऱ्यांची चित्रं दाखवणारा पडदा होता. झोपायच्या खोलीचं चित्र नीट होतं, पाळणे, खिडकी, भिंतीवरचा हत्ती. पण त्या सगळ्यावर एक फिकट दुसरं चित्र होतं, काचेत पडलेल्या प्रतिबिंबासारखं.

"दोन पालकांनी पाहिलंय," ताई म्हणाल्या. "एकीने मुलाला सोमवारपासून पाठवत नाही म्हणून कळवलं. काका, तुमच्यावर काय आलंय ते मला कळतं. पण आज नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"जमेल," काका म्हणाले. दुसरा माणूस आला की भिंतीवरची जोडणीची डबी उघडणार, वायरी बघणार आणि पहिला प्रश्न विचारणार, हे कुणी जोडलं?

त्यांनी कॅमेरा बदलला. फिकट बाई तिथेच. केबलच्या टोकाला कॅमेऱ्याचं चित्र वायरींवर चढवणारी छोटी डबी असते, ती दोन्हीकडे बदलली. वीज मोजली, पुरेशी होती. मग तपासणीचं यंत्र लावलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वायर सलग असेल तर त्याचा दिवा लागतो. आठही दिवे एकामागोमाग लागले.

"सगळं बरोबर आहे म्हणतंय की," ताई म्हणाल्या.

"हं."

"मग?"

काकांनी फिकट चित्रातल्या दाराच्या चौकटीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मावशी, जरा मागच्या दारात जाऊन हात हलवता का?"

"मी का? तिला सांगा!"

"जा हो, भरदिवसा काही होत नाही."

मावशी पुटपुटत गेल्या. दोन मिनिटांनी पाळण्यांवर ती फिकट बाई आली, थांबली आणि तिने हात वर केला. मग कमरेवर हात ठेवला. मग तोंडाने काहीतरी बोलली.

ताईंना हसू आवरेना. "अहो काका, ही तर आपली मावशी! आठ दिवस स्वतःलाच घाबरतेय!"

काका हसले नाहीत. मागच्या दाराचं चित्र झोपायच्या खोलीत झिरपत होतं. दोन्ही कॅमेरे एकाच केबलवर होते, एकाला एक जोडी, दुसऱ्याला दुसरी. जोडीतल्या दोघी एकमेकींना पीळ घालून असल्या तर आपलं चित्र आपल्यापाशी ठेवतात. इथे नवरा जाऊन सासूशी बसला होता आणि बायको सुनेशी. वायर सलग होती म्हणून दिवे लागले. जोडी मोडली होती, ते यंत्राला कळत नव्हतं.

कसं झालं तेही त्यांना कळलं. पीळ सोडवला नसता तर रंग न दिसताही जोड्या समजल्या असत्या, बोटांनी चाचपून. पण काकू करायच्या तसंच त्यांनी केलं होतं. आधी सगळा पीळ सोडवला, आठही वायरी सरळ करून ओळीत लावल्या. आणि मग पुढे सांगायला कुणी नव्हतं. म्हणून डोळ्यांना बरं वाटलं ते जोडलं.

ते भिंतीवरची जोडणीची डबी उघडून बसले. वायरी अगदी भिंतीलगत कापलेल्या होत्या, पीळ आत नळीत राहिला होता. अंदाजाने अदलाबदल करून बघता आली असती. दोन-तीन प्रयत्नांत जमलंही असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. पण अंदाजानेच तर हे झालं होतं. अशी अंदाजाची कामं किती दिवस करणार?

"ताई," ते म्हणाले, "जरा इकडे येता? यातली हिरवी कोणती, ते सांगा."

ताईंनी त्यांच्याकडे बघितलं. "ही काय, तुमच्या अंगठ्याखाली."

"आणि तपकिरी?"

"तिच्या शेजारची. काका, चष्मा आणू का?"

"चष्म्याने नाही होत. मला हे रंग दिसत नाहीत. लहानपणापासून. ती सांगायची."

ताईंनी स्टूल ओढलं आणि त्या जवळ बसल्या.

"म्हणजे ते सासू-सून, नवरा-बायको..."

"हो."

"मला वाटायचं, तुम्ही दोघं सारखे थट्टाच करता." त्यांनी डोळे पुसले आणि वायरींवर वाकल्या. "बरं, सांगते. ही पांढरी, हिरव्या पट्टीची. ही कोण?"

"ती बायको."

"मग द्या तिला तिच्या नवऱ्याकडे."

अर्ध्या तासात दोन्ही टोकांचं काम झालं. पडद्यावर पाळणे, खिडकी आणि हत्ती, दुसरं काही नाही. मावशींनी तीनदा मागच्या दारात जाऊन हात हलवून खात्री केली आणि म्हणाल्या, "मला आधीच वाटलं होतं, वायरीचंच असणार."

निघताना ताई म्हणाल्या, "मी कुणाला सांगणार नाही, काका."

"सांगितलं तरी चालेल," काका म्हणाले, पण ते अजून त्यांनाच पुरतं पटलं नव्हतं.

घरी काकूंची पिशवी दाराजवळच्या खुंटीला आहे. तिच्यातून जोड्या बांधून ठेवायला चिकटपट्टी तेवढी काकांनी काढून घेतली. काकू गेल्यापासून त्यांनी एकट्याने आणखी दोन कामं केली आहेत, एक औषधांच्या दुकानात, एक गोदामात. दोन्हीकडे पीळ सोडवून वायरी ओळीत लावल्या होत्या. तिथून अजून तक्रार आलेली नाही. तिथे जाऊन ते उघडून दाखवायचं आणि कुणालातरी रंग विचारायचे, हे राहिलं आहे.