साडेसतरा वेढे

टेबलावर चौदा वस्तू होत्या. गाडी एक, तिच्यातून काढलेली मोटर एक, मोटरचे स्क्रू दोन, मिलीओममीटर एक, त्याचे चिमटे दोन, थर्मामीटर एक, कॅलिपर एक, टेबलफॅन एक, नियमांची वही एक, तपासणीचा फॉर्म एक, पेन एक आणि डॉक्टरांचा तक्रारअर्ज एक. खोलीत खुर्च्या तीन होत्या आणि माणसं चार, म्हणून बाबा उभे होते.

"बसा हो," डॉक्टर आपली खुर्ची सरकवत म्हणाले.

"आरोपी उभाच बरा," बाबा म्हणाले आणि एकटेच हसले.

डॉक्टर दातांचे. रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या आमच्या क्लबात ते सहा वर्षं आहेत, आणि या मोसमात तीन वेळा दुसरे आले होते, तिन्ही वेळा बाबांच्या मागे. आजच्या पाच मिनिटांच्या अंतिम शर्यतीत अंतर अकरा सेकंदांचं होतं. शर्यत संपल्यावर त्यांनी नियमाप्रमाणे लेखी तक्रार दिली : पहिल्या क्रमांकाच्या गाडीची मोटर तपासावी. तपासनीस मी. पहिला क्रमांक माझ्या वडिलांचा.

"मी मोजणं बरं दिसत नाही," मी म्हणाले. "दुसरं कुणीतरी मोजा."

"दुसऱ्या कुणाला ते यंत्र चालवता येतं?" हेडसरांनी विचारलं. हेडसर म्हणजे क्लबचे अध्यक्ष, एका शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. "आता आली का पंचाईत. आपलेच दात आणि आपलेच ओठ."

"दातांचं माझ्यावर सोडा," डॉक्टर म्हणाले. "आणि तूच मोज गं. तू मोजणार म्हणून तर अर्ज दिला. दुसरी कुणी असती तर दिला नसता."

आमचा वर्ग साडेसतराचा. ब्रशलेस मोटरमध्ये घासणारे कार्बन नसतात. तांब्याच्या तीन कॉइल जागच्या जागी असतात आणि मधलं चुंबक फिरतं. प्रत्येक कॉइलला तारेचे साडेसतरा वेढे. वेढे कमी केले की मोटर जास्त पळते, म्हणून वेढे ठरवून दिले की सगळ्यांच्या मोटारी सारख्या होतात आणि जिंकणं हातावर राहतं. अडचण एवढीच की बंद मोटरमधले वेढे बाहेरून मोजता येत नाहीत. मोजता येतो तो रोध. तार कमी, तर रोध कमी. चांगल्या मोटरचा रोध वीस पूर्णांक सहा मिलीओमच्या आसपास असतो. आमची मर्यादा वीस. त्याखाली रोध जाण्याचं कारण एकच, कुणीतरी मोटर उघडून आतली तार बदलली आहे. त्याला शिक्षाही एकच : सभासदत्व कायमचं रद्द. अपवाद नाही. "अपवाद नाही" हे दोन शब्द वहीत माझ्या अक्षरात आहेत. गेल्या वर्षी नियम मी नव्याने लिहिले.

मी मोटरला थर्मामीटर लावला. अठ्ठावन्न अंश. मग चिमटे लावले. बावीस पूर्णांक दोन.

"बावीस!" हेडसरांनी टेबलावर थाप मारली. "वीस हवे, बावीस आहेत. लिही आणि मोकळी हो."

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "मग माझंच चुकलं. वाइंडर, माफ करा. आणा तो अर्ज इकडे, फाडून टाकतो."

क्लबात बाबांना सगळे वाइंडरच म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग केलं : पंप, गिरण्या, लिफ्ट, पंखे. मग लोक मोटर जळली की नवी आणू लागले, आणि दुकान बंद झालं. त्यानंतर आठ महिने ते बाल्कनीत बसायचे. शर्टाच्या बटणाला दोरा गुंडाळायचे आणि सोडायचे. जेवायला हाक मारली तर येत, नाही मारली तर येत नसत. आई म्हणायची, "अगं, त्यांना कुठेतरी ने. काहीही कर, पण ने." मी त्यांना या क्लबात आणलं. पहिल्या रविवारी ते भिंतीला टेकून नुसते बघत राहिले. दुसऱ्या रविवारी त्यांनी कुणाची तरी तुटलेली वायर जोडून दिली. चौथ्या रविवारी घरी येताना ते रस्त्यात बोलत होते. त्याला दोन वर्षं झाली. आता त्यांच्या आठवड्यात एक दिवस असतो, बाकीचे सहा त्याची तयारी.

मी पेन उचललं. तांबं गरम झालं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला शेकडा शून्य पूर्णांक अडतीस. अठ्ठावन्न अंशांवर बावीस पूर्णांक दोन, म्हणजे पंचवीस अंशांवर एकोणीस पूर्णांक सात. शिवाय मी मोजलं होतं ते बाहेरच्या कवचाचं तापमान. आतली कॉइल कवचापेक्षा गरम असते, म्हणजे खरा आकडा त्याहूनही खाली. हिशोबात चूक असलीच तर ती आमच्या बाजूची नव्हती. हे सगळं मनात व्हायला चार-पाच सेकंद लागले. पेन अजून कागदावर टेकलं नव्हतं.

"थांब," बाबा म्हणाले. "कलम सात."

"अहो, कशाला?" हेडसर म्हणाले. "तक्रार करणारा मागे घेतोय, तुमचं घोडं कुठे अडलं?"

"पेंटरची मोटर थंड करून मोजली होती."

पेंटर बसगाड्या रंगवायचा. गेल्या वर्षी याच टेबलावर त्याच्या मोटरने गरम असताना एकवीस दाखवले होते. कलम सातचा नियम मी नुकताच लिहिला होता आणि मला त्याचा अभिमान होता : मोटर पंचवीस अंशांपर्यंत थंड होऊ द्यावी, दोन साक्षीदारांसमोर मोजावी. थंड झाल्यावर अठरा पूर्णांक नऊ आले. पेंटर म्हणाला, मोटर जुनी घेतलेली आहे, मी उघडलेली नाही. मी म्हणाले होते, "मी काही म्हणत नाही, आकडा म्हणतोय." तो पुन्हा आला नाही. त्याच्या गाड्या आता दुसराच कुणीतरी चालवतो. त्या दिवशीच्या दोन साक्षीदारांपैकी एक बाबा होते.

"नियम तर नियम," हेडसर उठले. "किती वेळ लागेल?"

"खोलीत तेवीस अंश आहेत. फॅन लावून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं."

"तोवर आम्ही चहा घेतो. डॉक्टर, चला. तुमच्यामुळे झालंय, पाजा तुम्ही."

दार बंद झालं. मी टेबलफॅन मोटरच्या समोर ठेवला आणि चालू केला. फॉर्मचा कागद उडायला लागला, त्यावर कॅलिपर ठेवला. बाबा डॉक्टरांच्या खुर्चीत बसले.

"बाबा, मोटर उघडली होती का?"

"तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी स्वयंपाकघराच्या खिडकीत तांब्याच्या तारेचे तीन तुकडे होते, तिन्ही सारखे, बोटभर लांबीचे. मी विचारलं होतं, हे काय? ते म्हणाले होते, उरली. मी पुढे विचारलं नाही. मी विज्ञान शिकलेली मुलगी, घरात दिसेल त्या गोष्टीला का आणि कसं विचारणारी, आणि त्या दिवशी तुकडे उचलून डब्यात टाकले आणि खिडकी पुसली.

"का पण?"

"आवाज येत होता. बारीक. तुम्हाला नाही यायचा. म्हटलं बघू तरी." ते फॅनकडे बघत बोलत होते. "आत काय होतं माहीत आहे? एक वेढा दुसऱ्याच्या उरावर. मध्ये एवढाली पोकळी. वार्निश एका बाजूला थापलेलं, दुसऱ्या बाजूला पत्ता नाही. घाईत बांधलेलं गाठोडं गं ते. माझ्याकडे शिकाऊ मुलाने असं केलं असतं तर कान धरून परत उलगडायला लावलं असतं."

"मग बंद करून ठेवायची."

"तसंच?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी जखमी माणसाला रस्त्यात टाकून यायला सांगितलं. "जुनी तार काढली, तिच्या मापाने नवी कापली. तीच जाडी. साडेसतरा वेढे. एक कमी नाही, अर्धा कमी नाही. प्रत्येक वेढा मोजून, शेजारच्याला चिकटवून. तिन्ही कॉइलना बोटभर तार उरली."

"घट्ट बसवले म्हणून उरली. तार कमी झाली, बाबा."

"तार कमी झाली. वेढे नाही झाले."

"आपण तार मोजतो."

"वर्गाचं नाव काय आहे?"

मी मोजमाप घेतलं. पाच मिनिटं, अठ्ठेचाळीस अंश, एकवीस पूर्णांक तीन.

"मी उघडून दाखवतो त्यांना," बाबा म्हणाले. "समोर बसून एकेक वेढा मोजतो. डॉक्टरांना म्हणावं तुम्हीच मोजा, दात मोजता तसे."

"उघडून दाखवलं की उघडली होती हे आपणच सांगितलं. पुन्हा गुंडाळलेली मोटर चालत नाही. वेढे कितीही असोत."

"तेही तूच लिहिलंस का?"

"हो."

"चांगलं लिहिलंस," ते म्हणाले. टोमणा नव्हता. ते वहीचं पान उलटून खरोखर वाचत होते, बोट ओळीखाली धरून. "पळवाट नाही कुठे. वाइंडिंग असंच पाहिजे."

बारा मिनिटं. एकोणचाळीस अंश, वीस पूर्णांक पाच.

मी मनातल्या मनात आणखी एक हिशोब केला. रोध शेकडा सहाने कमी झाला तर आमच्या ट्रॅकवर, आमच्या गिअरला, पाच मिनिटांत फार तर तीन सेकंदांचा फायदा. ते अकरा सेकंदांनी जिंकले होते. कंपनीच्या गाठोड्यावरही ते आठ सेकंदांनी जिंकले असते. मी हे त्यांना सांगितलं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "जिंकायला नव्हतं केलं."

"मग मगाशी मला लिहू का दिलं नाहीत? बावीस होते. डॉक्टर अर्ज फाडत होते."

त्यांनी मिलीओममीटरच्या चिमट्याची वायर हातात घेतली होती आणि ती करंगळीभोवती गुंडाळत होते. वेढा वेढ्याला चिकटवून, मध्ये जागा न ठेवता.

"पेंटर मला बाजारात भेटला होता," ते म्हणाले. "तुला सांगितलं नाही. म्हणाला, वाइंडर, तुम्ही एवढी वर्षं मोटारी बघितल्यात, तुम्हाला तरी वाटतं का मी केलं असेल? मी म्हटलं, आकडा बघितला ना तू. तो भाजी घेऊन निघून गेला." करंगळीवर नऊ वेढे झाले होते. "त्याने जुनी घेतली होती म्हणे. असेलही. आधीच्या कुणीतरी माझ्यासारखंच केलं असेल."

सतरा मिनिटं. चौतीस अंश, वीस पूर्णांक एक. थांबायचंच असेल तर इथे थांबता आलं असतं. थर्मामीटरचा आकडा फॉर्मवर मीच लिहिणार होते आणि साक्षीदार चहा पीत होते. मी बाबांकडे पाहिलं. त्यांना माझं पाहणं कळलं.

"तसं करशील," ते म्हणाले, "तर मी इथे येऊ शकणार नाही."

"नाही केलं तरी येऊ शकणार नाही."

"हो."

वीस मिनिटांनी बत्तीस अंश आणि एकोणीस पूर्णांक नऊ. मी तो आकडा मोठ्याने वाचला नाही. त्यांनी विचारला नाही.

बाहेर हॉलमध्ये लोक ट्रॅकवरचा गालिचा गुंडाळत होते. दर रविवारी ते काम बाबा करायचे, कारण बाकीच्यांचा गालिचा शेवटाला एका बाजूला निसटतो. आताही निसटला असावा. कुणीतरी ओरडलं, "अरे, वाइंडरला बोलवा!" आणि दुसऱ्याने सांगितलं, ते आत आहेत. मग बराच वेळ गालिचा उलगडल्याचा आवाज येत राहिला.

"रविवारी तू येशील ना?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही."

"ये. नाहीतर हे लोक काहीही मोजतील." मग थोड्या वेळाने : "आईला मी सांगेन. तू काही बोलू नकोस. ती विचारेल, आता दिवसभर काय करणार. मी सांगेन काहीतरी."

"काय सांगाल?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून, एखादी जळलेली मोटर समोर ठेवल्यासारखा. फॅनचं एक पातं जाळीला लागत होतं, ते मी तोवर ऐकलं नव्हतं. त्यांनी फॅनकडे पाहिलं, हात पुढे केला, आणि परत मांडीवर ठेवला.

"नाही सुचत," ते म्हणाले.

त्रेचाळिसाव्या मिनिटाला हेडसर आणि डॉक्टर आत आले. डॉक्टरांनी येताना बाबांसाठी चहाचा कप आणला होता. तो टेबलावर ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते कप हातात धरूनच उभे राहिले. बाबा त्यांच्या खुर्चीतून उठले.

"झाली का थंड तुमची राणी?" हेडसरांनी विचारलं.

"झाली," बाबा म्हणाले. करंगळीभोवतीची वायर त्यांनी उलगडली. साडेसतरा होते की नाही हे मी मोजलं नाही. चिमटे त्यांनी माझ्या हातात दिले.

मी फॅन बंद केला. थर्मामीटर लावला, दोघा साक्षीदारांना दाखवला. चिमटे लावले, आकडा स्थिर होईपर्यंत दहा सेकंद थांबले.

"बोल," हेडसर म्हणाले.

पंचवीस पूर्णांक शून्य अंश. एकोणीस पूर्णांक चार मिलीओम.